परदेशातील क्षेत्रकार्यासाठी अनुदान: मोसमच्या फडापासून बालीच्या सुबाकपर्यंत

बागलाण तालुक्यातील एका महाविद्यालयात भूगोल शिकवणाऱ्या सहायक प्राध्यापिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्या पीएच.डी. करत आहेत, मोसम नदीवरील फड पद्धतीची (बंधाऱ्याखालचे लाभक्षेत्र फडांत, म्हणजे मोठ्या तुकड्यांत विभागून पाणी वाटण्याची शेतकऱ्यांची जुनी पद्धत) तुलना त्यांना इंडोनेशियातील बाली बेटावरच्या सुबाक या पाणीवाटप संस्थांशी करायची आहे, त्यासाठी तीन महिने तिथे राहून क्षेत्रकार्य करावे लागेल, महाविद्यालयाकडे यासाठी निधी नाही आणि ‘परदेशातल्या फील्डवर्कला आपल्याकडे कोणी पैसे देत नाही’ असे त्यांना सांगण्यात आले आहे. हे खरे आहे का, नसल्यास अर्ज कुठे आणि कसा करावा, असे त्या विचारतात; प्रस्तावाचा मसुदाही त्यांनी सोबत पाठवला आहे. मी नाशिकमध्ये तीसएक वर्षे भूगोल शिकवला, स्वतः अनुदाने मिळवली, काही गमावलीही, आणि नंतर इतरांचे प्रस्ताव तपासण्याचे काम केले. त्या अनुभवावरून उत्तर देतो.

तुम्हाला जे सांगण्यात आले ते पूर्ण खरे नाही, पण ते का सांगितले जाते हे समजून घेणे उपयोगाचे आहे. ‘परदेशी संशोधनासाठी साहाय्य’ या नावाखाली ज्या योजना दिसतात, त्यांतील बहुतेक क्षेत्रकार्यासाठी नसतातच. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेल्या जे. एन. टाटा एंडोमेंटची शिष्यवृत्ती ही परदेशातील शिक्षणासाठी दिलेले कर्ज आहे. विज्ञान-तंत्रज्ञान क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय प्रवास साहाय्य, जे पूर्वी विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ, म्हणजे सर्ब, देत असे आणि जे काम आता २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे आले आहे, ते परिषदेत निबंध वाचण्यासाठी असते. फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिप भारतातील पीएच.डी. विद्यार्थ्यांसाठी उत्तम आहे, पण ती तुम्हाला अमेरिकेतील विद्यापीठात नेते. राष्ट्रकुल शिष्यवृत्तीची ‘स्प्लिट-साइट’ योजना ब्रिटनमध्ये, आणि डाड या जर्मन शैक्षणिक विनिमय संस्थेची अनुदाने जर्मनीत. या सर्व योजना तुम्हाला एका संस्थेत नेऊन बसवतात. बांधावर उभे राहून पाटकऱ्याशी, म्हणजे पाटाचे पाणी वाटणाऱ्या माणसाशी, बोलण्यासाठी, दुभाष्याला मानधन देण्यासाठी, तिसऱ्याच देशातल्या खेड्यात भाड्याने खोली घेण्यासाठी पैसे देणाऱ्या योजना वेगळ्या आणि संख्येने थोड्या आहेत. चुकीच्या दारावर सहा वेळा थाप मारून परत आलेला माणूस ‘कोणी देत नाही’ असेच म्हणणार.

आता तुमच्या कामाला लागू पडणाऱ्या योजना पाहू. पहिले नाव भारतीय सामाजिक शास्त्र संशोधन परिषदेचे, म्हणजे आयसीएसएसआरचे. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या या परिषदेच्या कक्षेत मानवी भूगोल येतो, आणि तिच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य विभागात परदेशात जाऊन माहिती संकलन करण्यासाठी साहाय्याची तरतूद राहिली आहे. रक्कम मोठी नसते. प्रवास आणि काही आठवड्यांचा निर्वाह एवढीच अपेक्षा ठेवावी, आणि त्या वर्षीच्या जाहिरातीतील अटी अक्षरशः वाचाव्यात. परिषदेचे पश्चिम विभागीय केंद्र मुंबईत, विद्यापीठाच्या कलिना परिसरात आहे. तिथल्या ग्रंथालयाचा उपयोगही तुम्हाला होईल.

दुसरे नाव न्यूयॉर्कच्या वेनर-ग्रेन फाउंडेशनचे. १९४१ मध्ये स्थापन झालेली ही संस्था मानववंशशास्त्रासाठी आहे, आणि तिचे प्रबंधासाठीच्या क्षेत्रकार्याचे अनुदान कोणत्याही देशातील पीएच.डी. विद्यार्थ्याला मागता येते. अलीकडच्या वर्षांत ते २५,००० डॉलरपर्यंत असते आणि संस्थेचा प्रशासकीय खर्च त्यातून दिला जात नाही. भूगोलाच्या व्यक्तीने इथे अर्ज करू नये असे नाही, परंतु प्रस्तावाची भाषा आणि त्यातला वादविषय मानववंशशास्त्राच्या चर्चेत बसणारा हवा. पाणीवाटपाच्या संस्था, देऊळ आणि बंधारा यांचे नाते, गावकीतील अधिकार हे तुमचे विषय तसे आहेत. सुबाकच्या क्षेत्राचा उपग्रह प्रतिमांवरून काढलेला नकाशा एवढेच तुमचे काम असते, तर मी हा सल्ला दिला नसता.

लंडनची रॉयल जिओग्राफिकल सोसायटी, स्थापना १८३०, क्षेत्रकार्यासाठी दरवर्षी अनेक छोटी-मोठी अनुदाने देते. इथे आपले लोक एक चूक हमखास करतात. सर्व अनुदानांना एकच पात्रता आहे असे समजून पहिल्याच पानावर ‘ब्रिटनमधील संस्थेशी संलग्न’ हे शब्द दिसले की ते पान बंद करतात. काही अनुदाने ब्रिटिश विद्यापीठांपुरती आहेत, काहींना सोसायटीचे सदस्यत्व लागते आणि काही सर्व देशांतील संशोधकांना खुली असतात. एकेका अनुदानाचा विषयही ठरलेला असतो, उदाहरणार्थ थेसिजर-ओमान फेलोशिप शुष्क व अर्धशुष्क प्रदेशांसाठी आहे. बालीचा भातशेतीचा डोंगरउतार त्यात बसणार नाही. पण उद्या तुम्ही मोसमची तुलना मोरोक्कोतल्या पाटांशी करायची ठरवली, तर बसेल. अमेरिकेतील नॅशनल जिओग्राफिक सोसायटी परदेशात काम करणाऱ्या अर्जदाराकडून स्थानिक सहकाऱ्याची अपेक्षा ठेवते. इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशन भारतातील पीएच.डी. विद्यार्थ्यांना परदेशातील अल्पकालीन संशोधनासाठी प्रवास अनुदान देते, तिथे वयाची अट आधी पाहावी. रफर्ड फाउंडेशनचे नाव तुम्ही लिहिले आहे, पण ती संस्था निसर्गसंवर्धनाच्या प्रत्यक्ष कामाला पैसे देते. निव्वळ शैक्षणिक संशोधन घेऊन तिथे जाण्यात अर्थ नाही.

इथपर्यंतची माहिती कोणीही आठवड्याभरात गोळा करू शकेल. प्रस्ताव नाकारला जातो तो बहुधा पुढच्या मुद्द्यावर, म्हणून त्याकडे अधिक लक्ष द्या.

तुमच्या प्रस्तावाच्या मसुद्यात उद्दिष्ट असे आहे: ‘फड आणि सुबाक यांतील साम्य व भेद यांचा तौलनिक अभ्यास करणे.’ समितीत बसलेल्या माणसाच्या मनात हे वाचताच दोन प्रश्न येतात आणि त्यांची उत्तरे पुढच्या बारा पानांत सापडत नाहीत. पहिला प्रश्न असा की बालीच का? सुबाक हा जगातील सर्वाधिक अभ्यासलेल्या सिंचन संस्थांपैकी एक आहे. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ तिथे अनेक दशके काम करत आहेत. देवळांच्या साखळीतून पेरण्यांचे वेळापत्रक जुळवले की कीड कशी आटोक्यात राहते याची संगणकीय प्रारूपेसुद्धा १९९० च्या सुमारास तयार झाली. २०१२ मध्ये युनेस्कोने सुबाकच्या सांस्कृतिक भूदृश्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अशा ठिकाणी तीन महिने राहून तुम्ही नवे काय आणणार, हे पहिल्या परिच्छेदातच सांगावे लागते. दुसरा प्रश्न असा की हे काम तुम्हीच का करावे? याचे उत्तर तुमच्याजवळ आहे, पण तुम्ही ते परिशिष्टात लपवले आहे. मोसम आणि आरमच्या खोऱ्यांतील बंधारे तुम्ही पायी पाहिले आहेत, लाभक्षेत्राचे फड कसे पाडले जातात, एका फडात एकच पीक का घेतले जाते, पाटकरी पाणी कोणत्या क्रमाने देतो आणि जागल्याला, म्हणजे राखणदाराला, मोबदला कसा मिळतो याच्या नोंदी तुमच्याकडे चार हंगामांच्या आहेत. बालीवर लिहिणाऱ्या परदेशी अभ्यासकांपैकी फारच थोड्यांकडे अशी दुसऱ्या जुन्या पाणीसंस्थेची आतून घेतलेली माहिती असते. तीच तुमची पात्रता आहे आणि ती प्रस्तावाच्या पहिल्या पानावर यायला हवी.

साम्य-भेदांची यादी सोडून एकच प्रश्न घ्या. उदाहरणादाखल मला सुचतो तो असा: पाणी कमी पडलेल्या वर्षी तूट कोणी सोसायची हे कोण ठरवते आणि तो निर्णय शेपटाकडचे, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाचे, शेतकरी का मानतात? फड पद्धतीत टंचाईच्या वर्षी काही फड पडीक ठेवून उरलेल्यांना पुरेसे पाणी देण्याची सोय आहे. सुबाकमध्ये पेकासेह म्हणजे सुबाकचा प्रमुख, सभासदांची बैठक आणि जलमंदिर यांतून लागवडीचे दिवस पुढे-मागे केले जातात. दोन्हीकडे प्रश्न एक आहे आणि उत्तर वेगळे आहे. शिवाय आपल्याकडे तिसरा संदर्भही आहे: दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणावर शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांनी चालवलेले व्यवस्थापन, आणि २००५ चा महाराष्ट्राचा ‘सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन’ अधिनियम. शेकडो वर्षांची रूढी, धार्मिक संस्था आणि कायद्याने घडवलेली संस्था अशा तीन बाजू समोर ठेवल्या की सामूहिक संसाधने लोक स्वतःचे नियम करून सांभाळू शकतात या एलिनॉर ऑस्ट्रम यांच्या मांडणीशी, जिच्यासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, तुम्हाला नेमका वाद घालता येतो. नुसते ‘ऑस्ट्रम यांच्या चौकटीचा वापर केला जाईल’ हे वाक्य मी इतक्या प्रस्तावांत वाचले आहे की आता ते डोळ्यांना दिसेनासे झाले आहे.

इथे एक वेगळी सूचना करतो. पटली नाही तर सोडून द्या. पहिले परदेशी क्षेत्रकार्य बालीऐवजी नेपाळमध्ये, महिनाभराचे करावे. भारतीय नागरिकाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, प्रवास रेल्वे आणि बसने होतो, हिंदीवर प्राथमिक संवाद जमतो, आणि रूपन्देही जिल्ह्यातील छत्तीस मौजा ही तिनाऊ नदीवरची थारू शेतकऱ्यांनी उभारलेली सिंचन व्यवस्था तुमच्या प्रश्नाला थेट भिडते. व्हिसा नसला तरी तिथल्या विद्यापीठाचे पत्र घ्यावेच. एवढ्या कामाला आयसीएसएसआरच्या आकाराचे छोटे साहाय्य पुरते. ते मिळाले नाही तर पदरमोड करूनही ते झेपण्यासारखे असते. मोठ्या अनुदानाची समिती आधी हे पाहते की या व्यक्तीने परक्या मुलखात, दुभाष्याबरोबर, ठरलेल्या वेळेत काम करून दाखवले आहे का. नेपाळच्या चाळीस मुलाखती हा त्याचा पुरावा असतो.

बालीला जायचेच असेल, तर परवान्याचे काम अनुदानाच्या आधी सुरू करावे लागेल. पर्यटकाला विमानतळावर उतरल्यावर मिळणारा व्हिसा संशोधनासाठी नसतो. इंडोनेशियात परदेशी संशोधकाला राष्ट्रीय संशोधन व नवोन्मेष संस्थेकडून, म्हणजे ब्रिनकडून, नैतिक मान्यता आणि संशोधन परवाना घ्यावा लागतो, त्यासाठी स्थानिक भागीदार संस्था लागते, आणि २०१९ च्या कायद्यानुसार परवान्याविना संशोधन करणाऱ्या परदेशी व्यक्तीवर कारवाई होऊ शकते. देनपसारचे उदयन विद्यापीठ हा स्वाभाविक पर्याय आहे. तिथल्या प्राध्यापकांना पहिल्याच पत्रात ‘कृपया संमतीपत्र द्यावे’ असे लिहू नका. तुमच्या फडाच्या नोंदींवर आधारलेला एक छोटा निबंध पाठवा, त्यांच्या सुबाकवरील कामाबद्दल दोन नेमके प्रश्न विचारा, आणि अंदाजपत्रकात त्यांच्या विद्यार्थ्याला सहसंशोधक म्हणून मानधन धरले आहे हे सांगा. पत्र-उत्तरांत चार महिने सहज जातात. मुंबईत इंडोनेशियाचा वाणिज्य दूतावास आहे, त्यामुळे व्हिसाच्या कामासाठी दिल्ली गाठावी लागणार नाही. पंचवटी एक्सप्रेसने जाऊन त्याच दिवशी परत येता येते.

भाषेचा प्रश्न तुमच्या मसुद्यात एका ओळीत संपवला आहे, तो तसा संपत नाही. इंडोनेशियाची राजभाषा रोमन लिपीत लिहिली जाते आणि सहा महिन्यांत कामापुरती शिकता येते. तिथल्या सरकारची दर्मासिस्वा ही शिष्यवृत्ती परदेशी विद्यार्थ्यांना भाषा आणि कला शिकण्यासाठीच असते, मात्र तिला संशोधनाचा परवाना समजू नये. पण सुबाकची बैठक बाली भाषेत चालते, आणि त्या भाषेत समोरच्याच्या मानाप्रमाणे शब्दांचे स्तर बदलतात. म्हणून दुभाष्या बालीचाच हवा, आणि शक्यतो शेतकरी कुटुंबातला.

अंदाजपत्रक रुपयांत मांडण्याआधी दिवसांत मांडा. शेतकऱ्याची नीट मुलाखत दीड तासाची, तिची टिपणे आणि तपासणी त्याच संध्याकाळी. म्हणजे दिवसाला दोन मुलाखती हीच मर्यादा. साठ मुलाखतींना तीस दिवस, पाटांच्या मापनाला दहा, बैठकांना बसण्यासाठी आठ, पत्रव्यवहार व कार्यालयांना सहा, आजारपण आणि पावसाला सहा, असे साठ दिवस भरतात. त्यावर सणांचे दिवस धरा. बालीचा गलुंगन दर २१० दिवसांनी येतो आणि त्या आठवड्यात कोणी मुलाखत देत नाही. न्येपी हा तिथला नववर्षदिन, तोही शक संवताचाच. आपल्या गुढीपाडव्याच्या आसपास येतो, आणि २०२३ मध्ये तर दोन्ही २२ मार्चलाच होते. आपण त्या दिवशी गुढी उभारून बाहेर पडतो, तिथे मात्र चोवीस तास कोणीही घराबाहेर पडत नाही आणि विमानतळही बंद असतो. ज्याने मार्चअखेरीचे तिकीट काढून प्रस्तावाला जोडले आहे, त्याने तिथले पंचांग पाहिलेले नाही हे तपासणाऱ्याला लगेच कळते. आता या दिवसांना दर लावा: निवास-भोजन, दुभाष्या, दुचाकीचे भाडे, परवाना शुल्क, विमा, सभासदांना परतभेट म्हणून द्यायचा अहवाल बाली भाषेत छापण्याचा खर्च, आणि विनिमय दर बदलण्यासाठी थोडी राखीव रक्कम. लॅपटॉप मागू नका. लॅपटॉपची किंमत पाहिली की समितीतला सर्वांत कनवाळू सदस्यही उरलेले आकडे संशयाने वाचू लागतो.

पैसे येणार कसे, हा प्रश्न अर्ज करतानाच विचारा. परदेशी संस्थेने अनुदान तुमच्या महाविद्यालयाच्या खात्यात पाठवायचे म्हटले, तर संस्थेकडे २०१० च्या विदेशी योगदान नियमन कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते. तुमच्या संस्थेकडे ती नोंदणी नाही. व्यक्तीला मिळणाऱ्या शिष्यवृत्ती व विद्यावेतनाकडे कायदा वेगळ्या नजरेने पाहतो, म्हणून व्यक्तीच्या नावे दिले जाणारे अनुदान तुमच्यासारख्यांना सोयीचे पडते. तरीही पुरस्कारपत्रातील शब्द स्वीकारण्यापूर्वी सनदी लेखापालाला दाखवावेत. भारत सरकारच्या पैशातून विमानप्रवास असेल, तर तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी यांच्यामार्फतच काढावे लागते. स्वस्त दिसले म्हणून भलत्या संकेतस्थळावरून तिकीट काढले तर ते पैसे बहुधा स्वतःचेच गेले असे समजा.

हिशेबाबद्दल माझी एक फजिती सांगतो. माझ्या दुसऱ्या परदेशी क्षेत्रकार्याचा शेवटचा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्र दिल्यावर मिळणार होता. आठ महिन्यांनी लेखापरीक्षकासमोर मी पाकीट उघडले, तर निम्म्या पावत्या कोऱ्या. उष्णतेवर छापल्या जाणाऱ्या कागदावरची शाई नाशिकच्या उन्हाळ्यात लोखंडी कपाटात उडून गेली होती. ते पैसे मला मिळाले नाहीत. तेव्हापासून पावती मिळेल त्याच संध्याकाळी तिचा फोटो, आणि ज्याच्याकडे पावतीपुस्तक नसते, म्हणजे ट्रॅक्टरवाला, वाट दाखवणारा मुलगा, खोलीची मालकीण, त्यांच्यासाठी छापील व्हाउचर: तारीख, रक्कम, कारण, सही किंवा अंगठा. असे पन्नास व्हाउचर इथूनच छापून न्या, मजकूर मराठीऐवजी इंग्रजीत आणि तिथल्या भाषेत.

रजेचे पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत कर्तव्यरजा शैक्षणिक वर्षात तीस दिवसांपर्यंत आहे, आणि अध्ययन रजेसाठी किमान तीन वर्षांची सलग सेवा लागते. तुमची पाच झाली आहेत. म्हणून नेपाळचा महिना कर्तव्यरजेत आणि बालीचे तीन महिने अध्ययन रजेत, असा अर्ज प्राचार्यांकडे निदान सहा महिने आधी द्यावा, आणि ना हरकत पत्राची प्रत प्रस्तावालाच जोडावी.

शेवटचा भाग सामानाचा. प्रवाहमापक, जीपीएस, कॅमेरा नेत असाल, तर निघताना विमानतळावरील सीमाशुल्क कक्षाकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, नाहीतर परतताना आपल्याच उपकरणावर शुल्काची चर्चा करावी लागते. मातीचे नमुने आणण्याचा विचार मसुद्यातून काढून टाका. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परदेशी माती परवान्याविना भारतात आणता येत नाही, तुमच्या प्रश्नाला मातीच्या पृथक्करणाची गरजही नाही, आणि उदयन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ते काम तिथेच होऊ शकते. सुधारलेला मसुदा पाठवाल तेव्हा पहिल्या पानावर मोसमच्या एका बंधाऱ्याचा तुम्ही स्वतः मोजून काढलेला नकाशा घाला, फडांच्या सीमा आणि पाण्याचा क्रम दाखवून. आणि ‘फड’, ‘पाटकरी’, ‘जागल्या’ हे शब्द इंग्रजी प्रस्तावातही तसेच ठेवा, जसे बालीचे अभ्यासक ‘सुबाक’ आणि ‘पेकासेह’ ठेवतात.